जोडलेली काऊंटी पुन्हा सोडवताना

महोदय,

इंग्लंडमधली काऊंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आणि तिच्या पोटातली डिस्ट्रिक्ट (तालुक्यासारखी) अशी दुहेरी कौन्सिलं बंद करून साधारण पाच लाख लोकसंख्येला एकच कौन्सिल ठेवण्याची योजना डिसेंबर २०२४च्या श्वेतपत्रिकेत आली. असा आकडा धरून काऊंट्या जोडल्या की काय होतं, हे ‘हेरेफर्ड अँड वुस्टर’ या जोडकाऊंटीने २४ वर्षं भोगलं आहे.

१९७२च्या कायद्याने १ एप्रिल १९७४ला ही काऊंटी अस्तित्वात आली. तेव्हा काऊंटीसाठी दंडक किमान अडीच लाख वस्तीचा होता आणि हेरेफर्डशरची वस्ती जेमतेम १ लाख ४० हजार. म्हणून तो शेजारच्या वुस्टरशरला जोडला. आयल ऑफ वाइट या बेटाची वस्ती त्याहून कमी असूनही ते स्वतंत्र राहिलं. हेरेफर्डशरचा विरोध मात्र मोडून काढला गेला, हा अन्यायच होता. मुख्यालय वुस्टरला, हेरेफर्डपासून सुमारे ४० किलोमीटर, मॉल्व्हर्न टेकड्यांपलीकडे. लोकसंख्येचं प्रमाण एकास तीन, त्यामुळे शाळा असो की रस्ते, हेरेफर्डशर कायम अल्पमतात.

खरी गुंतागुंत डिस्ट्रिक्टच्या पातळीवर झाली. हेरेफर्डशरची लेडबरी आणि ब्रॉम्यार्ड ही गावं आसपासच्या खेड्यांसह मॉल्व्हर्न हिल्स डिस्ट्रिक्टमध्ये घातली, तर वुस्टरशरचं टेनबरी लेमस्टरमध्ये. दोन काऊंट्यांमधली जुनी शीव अशी डिस्ट्रिक्टच्या पोटातून गेली. त्यामुळे १ एप्रिल १९९८ला काऊंटी मोडताना नऊ डिस्ट्रिक्टची नुसती वाटणी करून भागलं नाही. लेडबरी-ब्रॉम्यार्ड हेरेफर्डशरला परत द्यावी लागली, टेनबरी मॉल्व्हर्न हिल्समध्ये आणावं लागलं. बांधकाम परवाने, कचरा उचलणं, करवसुली, कौन्सिलची भाड्याची घरं ही सगळी कामं डिस्ट्रिक्टची. डिस्ट्रिक्टचाच तुकडा पडला की भाडेकरूंच्या नोंदी आणि परवान्यांच्या फायलीही गावागणिक वेगळ्या कराव्या लागतात.

हेरेफर्डशरला काऊंटी आणि डिस्ट्रिक्ट दोन्हींची कामं करणारं एकच सर्वाधिकारी कौन्सिल मिळालं. वुस्टरशरला काऊंटी कौन्सिल आणि त्याखाली सहा डिस्ट्रिक्ट. अग्निशमन दल मात्र फोडलं नाही. ते आजही ‘हेरेफर्ड अँड वुस्टर’ याच नावाने दोन्हीकडे धावतं. पोलीस तर १९६७पासूनच वेस्ट मर्सिया या सामाईक दलाचे. म्हणजे ज्या सेवेला मोठा पल्ला लागतो ती एकत्र चालवायला काऊंट्या एक कराव्या लागत नाहीत.

आता नव्या सीमा आखायच्याच असतील, तर निदान जुन्या काऊंटीची शीव ओलांडणारं एकही कौन्सिल करू नये, आणि कोणतं गाव कुठे जाणार ही यादी निर्णयाआधी लोकांपुढे ठेवावी.

– एक वाचक, पुणे