पेन्सिल आणि शाई

फोंडा, गोवा
रविवार, २७ जुलै २०२५

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "डिव्हिडंडचे महिन्याला किती धरू?" पाऊस असा कोसळत होता की निम्मं ऐकूच आलं नाही, म्हणून "लिहून कळवतो" म्हणालो. फोन नीट लागला असता तरी हेच म्हणालो असतो. पेन्शनचा आकडा एका वाक्यात सांगता येतो, डिव्हिडंडचा, म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरमागे वाटते त्या लाभांशाचा, तसा येत नाही. आज सकाळपासून वीज दोनदा गेली. श्रावण लागलाय, मागीलदारी कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेत, पाणी वाहतंय, आणि मी सोप्यावर वही घेऊन बसलोय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या वहीत आहे, पण आधी बाबांच्या वहीबद्दल सांगतो.

तू सुट्टीत आमच्याकडे यायचास तेव्हा ती पाहिली असशील. लांबट, लाल कापडी पाठीची. नारळ पाडणारा पाडेली झाडावरून उतरला की बाबा तिथेच माडाखाली उकिडवे बसून मोजायचे आणि लिहायचे: तारीख, मोठे नारळ किती, बारीक किती, पाडेल्याला दिले किती. सुपारी बागायतदार सोसायटीत घातली की तिची नोंद मात्र पेन्सिलीने करायचे. पैसे हातात पडले की त्याच ओळीवरून शाईने आकडा गिरवायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माल गेला म्हणजे पैसे आले असं नाही. पेन्सिल म्हणजे येणं, शाई म्हणजे आलेलं." बेरीज फक्त शाईची व्हायची. वर्षातून एकदा सुपारी, थोडी मिरी, दोन-तीन महिन्यांनी नारळ, आणि त्यावर आमचं सगळं घर चालायचं. महिन्याचा पगार त्या घरात कधी आला नाही, तरी गणेशचवथीला काय खर्च करायचा आणि पावसाआधी किती बाजूला ठेवायचे, हे बाबांना बरोबर ठाऊक असायचं.

डिव्हिडंड हे तसंच उत्पन्न आहे रे. कुळागरासारखं, हंगामी.

माझी वही जून २०२३ ची. त्याआधी शेअर होते, डिव्हिडंड येत होते, पासबुकात कुठेतरी 'एसीएच' आणि पुढे कंपनीचं अर्धवट नाव असं छापून यायचं, आणि मी बघून पान उलटायचो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, तेव्हा मी खनिज वाहतुकीच्या ऑफिसात होतो हे तुला माहीत आहे. पगार थांबला. पुढे दुसरीकडे लागलो, पण तेव्हापासून हातात उरेल ते शेअरमध्ये घालत गेलो, कारण एकाच जागेहून येणारं उत्पन्न एका दिवसात थांबतं हे मी पाहिलं होतं. घालत गेलो, पण मोजलं मात्र नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी काम सोडलं आणि मग मोजायला बसलो.

त्या जूनमध्ये काय झालं ते तुला सविस्तर सांगतो, कारण तुझ्याकडेही जुनी खाती आहेत. मुलीने आयकराच्या साइटवरून माझं एआयएस उतरवून दिलं, म्हणजे वर्षभरात माझ्या पॅनवर कुणी किती पैसे दिले त्याचं पत्रक. त्यात डिव्हिडंडच्या ओळी होत्या. एका हाताला ते, दुसऱ्या हाताला पासबुक, आणि मी एकेका ओळीवर टिंब करत गेलो. सगळ्या जुळल्या, एक सोडून. एका कंपनीचे २५० शेअर, शेअरमागे २१ रुपये, म्हणजे ५,२५०. त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देण्याआधीच कापलेला कर, ५२५ गेलेला. हातात ४,७२५ यायला हवे होते. पासबुकात ती रक्कम नव्हती. मागची पानं चाळली, आदल्या वर्षाचीही नव्हती. त्याच्या आदल्याही नाही.

कारण माझ्यापाशीच होतं. फार पूर्वी उघडलेल्या एका डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, तेवढी एकच कंपनी राहून गेली होती, आणि त्या खात्याला जोडलेलं बँक खातं मी २०१७ मध्ये बंद केलं होतं. कंपनी दर वर्षी पैसे पाठवत होती, ते परत जात होते. असे परत गेलेले पैसे कंपनीच्या न दिलेल्या लाभांशाच्या खात्यात पडून राहतात. सात वर्षं कुणी मागितले नाहीत की ते सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. आणि नीट वाच, सलग सात वर्षं मागितले नाहीत तर नुसते डिव्हिडंड नव्हे, ते शेअरसुद्धा तिकडे जातात. परत मागता येतात, पण आयईपीएफ-५ चा फॉर्म, कंपनीची पडताळणी, बरीच धावाधाव. माझं जेमतेम एक वर्ष उरलं होतं. डिमॅटमध्ये बँक खातं बदललं, रद्द केलेला चेक जोडून कंपनीच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला पत्र घातलं आणि सहा वर्षांचे मिळून तेवीस हजारांवर पैसे जमा झाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे बुडाले असते म्हणून नाही. बाबांच्या कुळागरातले नारळ सहा वर्षं कुणी उचलून नेत असते आणि त्यांना पत्ता नसता, हे मला कल्पनेतही खरं वाटेना. त्यांच्या वहीत ती रिकामी ओळ पहिल्याच वर्षी दिसली असती.

दुसऱ्या दिवशी बाजारातून ही निळी वही आणली.

रकाने सात आहेत: तारीख, कंपनी, शेअर किती, शेअरमागे किती, एकूण, टीडीएस, हातात. कंपनीने जाहीर केलं आणि रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असेल त्यालाच पैसे तो दिवस, उलटली की पेन्सिलीने ओळ. जमा झालं की शाई. मुलीने संगणकावर तक्ता करून दिलाय, तोही ठेवतो, बेरजेला बरा पडतो. पण नोंद आधी वहीत. हाताने लिहिलेलं माझ्या लक्षात राहतं.

शेअरमागे किती हा रकाना लिहिताना सांभाळ. पेपरात कधी '७८५ टक्के लाभांश' असं छापून येतं आणि माणूस हरखतो. ती टक्केवारी बाजारभावावर नाही, शेअरच्या मूळ दर्शनी किमतीवर असते. आयटीसीची दर्शनी किंमत एक रुपया, म्हणून ७८५ टक्के म्हणजे शेअरमागे ७ रुपये ८५ पैसे. रुपयातच लिही. आणि वर्ष धरताना पैसे कधी आले ते बघ. आयटीसीने २०२३-२४ सालचा अंतिम लाभांश साडेसात रुपये दिला, तो हातात पडला २०२४ च्या जुलैत, म्हणजे माझ्या २०२४-२५ च्या पानावर. त्याच पानावर पुढे मार्चमध्ये साडेसहाचा अंतरिम, म्हणजे कंपनीचं वर्ष संपायच्या आधीच दिलेला, आला. माझे ६०० शेअर, तेव्हा त्या वर्षाचे ८,४००. कंपनीचं वर्ष आणि माझं पान यांचा गोंधळ मी पहिल्या वर्षी केला होता, तू करू नकोस.

तारखेचा आणखी एक उपयोग आहे. रिटर्नमध्ये डिव्हिडंडचं उत्पन्न कोणत्या काळात किती आलं ते तोडून विचारतात, १५ जूनपर्यंत किती, १५ सप्टेंबरपर्यंत किती, असं. वही असली की दहा मिनिटांचं काम. यंदा मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलीय, तरी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.

कराचं थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून डिव्हिडंडवरचा कर कंपनी भरत नाही, आपण भरतो, आपल्या स्लॅबप्रमाणे. एका कंपनीकडून वर्षात पाच हजारांवर गेलं की दहा टक्के कापायचे, ती मर्यादा या एप्रिलपासून दहा हजार झाली. कापलेले पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात, म्हणून एकूण आणि हातात असे दोन्ही आकडे लिहायचे. आता आपण साठीचे झालो, तेव्हा एकूण उत्पन्नावर तुला कर शून्य येत असेल तर १५एच फॉर्म दे, कापणारच नाहीत. प्रत्येक कंपनीला वेगळा द्यावा लागतो.

आता तुझा प्रश्न. गेल्या वर्षी माझे एकूण १,५६,४०० आले, टीडीएस ११,२०० गेला, हातात १,४५,२००. याला बाराने भागून महिन्याचे बारा हजार धरले तर फसशील, कारण त्यात १३,२०० 'विशेष' लाभांशाचे होते. कंपनीने एखादा धंदा विकला, किंवा पंचवीस-पन्नास वर्षं झाली, म्हणून एकदाच दिलेले. ते पुन्हा येतील असं धरायचं नाही. उरले १,३२,०००. त्याला बाराने भागलं की अकरा हजार. हा माझा महिन्याचा आकडा. पण तो महिन्याला येत नाही! जुलै-ऑगस्टमध्ये सभा होऊन अंतिम लाभांश येतात, त्या दोन महिन्यांतच माझे साठ हजारांच्या आसपास आले. नोव्हेंबरात आणि फेब्रुवारी-मार्चला अंतरिम. एप्रिलमध्ये आले १,०५०. म्हणून मी सगळे एका वेगळ्या बचत खात्यात पडू देतो आणि तिथून एक तारखेला अकरा हजार घरखर्चाच्या खात्यात वळते करतो. बाबा सुपारीचे पैसे कपाटातल्या डब्यात ठेवून महिन्याच्या महिन्याला काढायचे, तेच हे. पहिलं वर्ष तू मात्र काहीच काढू नकोस. नुसतं लिही आणि साठू दे. एक फेरा पूर्ण झाला की तुझा आकडा तुझ्याच वहीत दिसेल, आणि तो मी सांगण्यापेक्षा खरा असेल.

गेल्या वर्षीइतकंच यंदाही येईल असं एकाही कंपनीबद्दल धरू नकोस. वेदान्ता घे, आपल्याकडची जुनी सेसा गोवाच ती. २०२२-२३ मध्ये तिने शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे दिले, पुढच्या वर्षी २९ रुपये ५० पैसे. कुणी पहिल्या वर्षावरून हिशेब मांडला असता तर घर कोलमडलं असतं. तुझे मेहुणे म्हणतात त्या 'बारा टक्के यील्ड'च्या याद्याही अशाच मागच्या वर्षावर बेतलेल्या असतात. यील्ड म्हणजे भावाच्या किती टक्के लाभांश, तेव्हा भाव पडला की ते आपोआप चढलेलं दिसतं, आणि भाव का पडला ते यादीत लिहिलेलं नसतं. मी वहीत प्रत्येक कंपनीला एक पान ठेवलंय, दर वर्षी शेअरमागे किती आले एवढंच. पाच-सहा वर्षांचे आकडे एकाखाली एक वाचले की ती कंपनी माडासारखी आहे की आंब्यासारखी, एक वर्ष लगडणारी आणि दुसऱ्या वर्षी रिकामी, ते कळतं.

एका ठिकाणी मात्र मागे जाऊन आकडा दुरुस्त करावा लागतो, बोनस, म्हणजे कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर, आला की. एचडीएफसी बँकेने एकास एक बोनस जाहीर केलाय, रेकॉर्ड डेट २७ ऑगस्ट, म्हणजे नेमकी चवथ. बाजार त्या दिवशी बंद, तेव्हा शेअर आदल्या दिवशीच एक्स होईल, म्हणजे त्या दिवसापासून घेणाऱ्याला बोनस नाही. माझे १२० आहेत त्यांचे २४० होतील. यंदाचा अंतिम लाभांश २२ रुपये होता, पुढच्या वर्षी ११ दिसले तर घाबरू नकोस, तेवढाच आहे. मी जुन्या आकड्याशेजारी कंसात अर्धा लिहून ठेवणार.

मित्रा, या वहीने मला जे दिलं ते पैशांत मोजता येत नाही. पूर्वी बाजार पडला की मी टीव्हीसमोर बसून राहायचो, हिच्याशी नीट बोलायचो नाही. आता भाव पडले तरी संध्याकाळी वही उघडतो, शाईच्या ओळी बघतो, आणि मग देवळात भजनाला जातो. तू इतकी वर्षं काटकसर करून जमवलंयस. ते किती देतंय हे तुला माहीत असावं, आणि वहिनींनाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर डिमॅट खाती, जोडलेली बँक खाती आणि नॉमिनी लिहिलेत. हिला ते पान मी दाखवून ठेवलंय.

आज पेन्सिलीच्या दोन ओळी आहेत. आयटीसीचे ४,७१०, सभा शुक्रवारी झाली, एक-दोन दिवसांत यावेत. आणि एचडीएफसी बँकेचा पाच रुपयांचा विशेष, ६००.

चवथीला नक्की या, दोघंही. गणपतीवर बांधायच्या माटोळीला फळं शोधायला आपण दोघं कुळागरात जाऊ, पाच दिवस घर भरलेलं असेल. येताना तुझी सगळी पासबुकं आण, बंद केलेल्या खात्यांचीसुद्धा. वही मी आणून ठेवलीय, तुझ्यासाठी हिरव्या पुठ्ठ्याची.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शाळेतला बाकसोबती