घरची सरकी आन् सिकलसेल

संपादक साहेब, औंदा शेजारच्या काकांनी बियाण्याचे पैसे वाचवाले मागच्या वर्षीच्या हायब्रिड कपाशीची घरचीच सरकी पेरली, आन् आता वावरात पाहा तं एक पऱ्हाटी कमरेएवढी, दुसरी गुडघ्याले, बोंडंही लहानमोठी. काका म्हणतात बियाणं बिघडलं. बिघडलं काहीच नाही, हायब्रिडमध्ये एकत्र आणलेले दोन वाणांचे गुण पुढच्या पिढीत वेगळे होऊन नव्यानं वाटले जातात, मेंडेल नावाच्या शास्त्रज्ञानं १८६६ मध्ये वाटाण्यावर छापलं ते हेच.

माणसाचंही तसंच. आपल्याकडे सिकलसेल हा मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे, मायबाप दोघंही वाहक म्हणजे आजाराचं एकच जनुक असलेले, दिसायला ठणठणीत, तरी दर बाळंतपणाला मूल रुग्ण असायचा चान्स २५ टक्के, वाहक असायचा ५० अन् पूर्ण मोकळं असायचा २५. लोकं समजतात पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढचे तीन सुटले! अशी पाळी नसते ना भाऊ, दरवेळी चिठ्ठी नवीनच. आन् दोष मात्र सुनेच्या माथी, अरे एक जनुक बापाकडूनही आलंय. पत्रिका पाहता तशी लग्नाआधी रक्ताची टेस्टही पाहा की, सरकारी दवाखान्यात होते.

- एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ