माझ्यासाठी गाडीखाली पुठ्ठा अंथरणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव या पत्रात मी मुद्दामच लिहीत नाही. काम झाल्यावर मी आभार मानू लागले तेव्हा 'काम केले, पैसे घेतले, त्यात आभार कसले' एवढे म्हणून तुम्ही दुसऱ्या गाडीकडे वळला होतात. आपले नाव असे चारचौघांत झळकलेले तुम्हाला मुळीच रुचणार नाही. मात्र त्या दिवशी अर्धवट राहिलेले बोलणे अजून घशाशी अडकून आहे, आणि माझ्यासारखी जुनी गाडी बाळगणाऱ्या इतरांच्याही ते कानावर जावे असे वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझी गाडी २३ वर्षांची, शिडीसारख्या चॅसीवर, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली. दाराच्या खालच्या कडेचा पत्रा सडला तर फार तर दिसायला वाईट दिसते, पण इंजिन, स्प्रिंगा, स्टिअरिंग आणि आत बसलेली माणसे या सगळ्यांचा भार ज्या दोन लांब तुळयांवर असतो त्याच गंजल्या तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही. मागचे चाक बदलताना एकदा गंजाचा हाताएवढा पोपडा खाली पडला, तेव्हा मला हे पहिल्यांदा उमगले. भिजून वाळलेल्या वहीची पाने सुटावीत तसे त्याचे थर एकेक करून सुटत होते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या धातूपेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून तो असा फुगून थराथराने निघतो, आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला तर पाचर ठोकावी तसा त्यांना एकमेकांपासून दूर लोटतो, हे तुम्ही नंतर समजावलेत. त्या दिवशी मी फक्त तो पोपडा पिशवीत घालून घेतला आणि माहीतगार माणसाच्या शोधात निघाले.

तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या ठिकाणच्या गृहस्थांनी उभ्याउभ्याच, कंबरेत न वाकता, चाकाच्या फटीतून बॅटरीचा झोत टाकला आणि गाडी भंगारात काढायचा निकाल दिला. कुठे आणि किती गंजले आहे, असे विचारल्यावर 'घरातल्या कोणाला तरी पाठवा, त्यांना समजावून सांगतो' असे उत्तर मिळाले. गाडीची मालकीण मी, चालवणारी मी, पोपडा हातात घेऊन समोर उभी असलेलीही मीच. तरी समजून घेण्याची पात्रता मात्र घरातल्या 'कोणाची तरी'.

दुसऱ्या ठिकाणचे गृहस्थ बोलायला फार गोड होते. त्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि परत दिली तेव्हा खालची बाजू काळ्या लेपाने अशी तुकतुकीत झाली होती की मी आठ महिने निश्चिंत फिरले. तुम्ही त्याच लेपात स्क्रू-ड्रायव्हरचे टोक घालून हलकेच उचकटलेत, तेव्हा हातभर लांबीचे सालपट सुटून आले आणि त्याखाली ओलसर, तांबूस भुगा निघाला. न खरवडता, न वाळवता गंजावरच लेप थापला की ओल आत कोंडून राहते आणि वरून काही दिसत नसल्यामुळे कोणी पाहायलाही जात नाही. शिवाय खरा गंज तर पेटीसारख्या पोकळ तुळईच्या आतून लागलेला होता, तिथे बाहेरचा लेप पोहोचणार तरी कसा? भंगारात काढा म्हणणाऱ्याचा मला राग आला होता. या लेपाचा मात्र अजून येतो, कारण पहिल्याने मला निदान घाबरलेले तरी ठेवले होते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतले त्याकडे येते. तुम्ही गाडी स्टँडवर घेतलीत, चारही स्टँड हाताने हलवून पाहिलेत, आणि खाली सरकण्याआधी कोपऱ्यातला एक मोठा पुठ्ठा उचलून तुमच्या पुठ्ठ्याशेजारी अंथरलात. तो कोणासाठी हे मला कळेना. मग हातातली छोटी हातोडी, जिच्या दांड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, माझ्यापुढे धरून तुम्ही म्हणालात, 'या, तुम्हीच ठोकून बघा. मी नुसते सांगून काय उपयोग?'

इतक्या वर्षांत मी माझ्या गाडीखाली कधी आडवी झाले नव्हते. तुम्ही मला आधी पुढच्या भागात, इंजिनाशेजारी ठोकायला लावलेत. तिथे वर्षानुवर्षे ऑइल पाझरून चॅसीवर चिकट काळी पुटे चढली होती, आणि ज्या गळतीबद्दल मी सगळ्यांची बोलणी खाल्ली तिनेच तेवढा भाग नव्यासारखा राखला होता. हातोडी पडताच स्वच्छ टणत्कार झाला आणि ती हातात उसळून परत आली. 'हा आवाज कानात ठेवा,' तुम्ही म्हणालात. मग आपण दोघे वीतवीत अंतराने मागे सरकत गेलो. मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, चॅसी जिथे कमानीसारखी वर चढते, तिथे, स्प्रिंग ज्याला अडकवलेली असते त्या हँगरच्या जरा पुढे, आवाज एकाएकी बसला. हातोडी उसळली नाही; ओल्या लाकडावर पडावी तशी थप्प करून तिथेच थांबली, आणि तुळईच्या आत डब्यात वाळू घसरावी तसे काहीतरी खाली ओघळत गेले. कोणी सांगायची गरजच उरली नाही.

तुम्ही खिशातून खडू काढून दिलात. जिथे जिथे आवाज बसका आला तिथे मी वर्तुळ काढत गेले. सात वर्तुळे झाली. तुम्ही पाठोपाठ येऊन प्रत्येक जागा स्वतः ठोकून पाहिलीत आणि सहा तशीच ठेवून सातवे वर्तुळ अंगठ्याने पुसून टाकलेत. 'इथे आतून पट्टी जोडलेली आहे, म्हणून आवाज दबतो,' असे सांगून ती जागा तारेच्या ब्रशने घासलीत, तेव्हा खालून चकचकीत धातू दिसला. माझ्या अज्ञानाने तुमच्या पदरात टाकलेले काम तुम्ही अंगठ्याने पुसून टाकले. दुसरा कोणी असता तर सात जागांचे पैसे मी खुशीने मोजले असते, आणि ते जास्तीचे आहेत हे मला कधीही कळले नसते. तो खडूने पांढरा झालेला अंगठा मी विसरू शकत नाही.

पुढचे तपासणे तुम्ही कानावर सोडले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. जाडी मोजणाऱ्या छोट्या यंत्राने पुढच्या निरोगी भागात पत्रा ३.२ मिलिमीटर भरला आणि एका वर्तुळात १.७, तेव्हा तो आकडा तुम्ही मला यंत्रावरच वाचायला लावलात. सहापैकी दोनच जागा कापून काढाव्या लागतील, बाकीच्या चार ठिकाणी पत्रा पातळ झाला असला तरी घासून, रंगवून आणि लक्ष ठेवून चालेल, हा निवाडा तुम्ही त्या आकड्यांवरून केलात. नुसता वरवरचा तपकिरी थर पाहून धसका घ्यायचा नसतो आणि नुसता काळा तुकतुकीत रंग पाहून निर्धास्तही व्हायचे नसते, एवढे मी शिकले. तुळईच्या तळाशी पाणी निघून जायला ठेवलेली भोके असतात हे तर मला ठाऊकच नव्हते. तुम्ही एका भोकात तार घालून बोटभर वाळलेला चिखल ओढून काढलात आणि त्यामागून तांबडे पाणी ठिबकू लागले, तेव्हा शेवटचा पाऊस होऊन कित्येक आठवडे उलटले होते.

दुरुस्तीचे सगळे टप्पे मी इथे लिहीत नाही. ते वाचून कोणी हौसेने वेल्डिंगला बसावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. एवढेच सांगते की 'भोक दिसते त्याच्या दुप्पट-तिप्पट निघेल, चांगला धातू लागेपर्यंत कापावे लागते' असे तुम्ही आधीच बजावले होते आणि तसेच झाले. जोडपट्टीची टोके तुम्ही तिरपी कापलीत, कारण सरळ उभा सांधा मारला की सगळा ताण त्या एकाच रेषेवर येतो. थोडे थोडे टाके आलटून पालटून घालत, धातू निवू देत तुम्ही दीड दिवस लावलात, आणि पोकळीत गंज रोखणारे मेण फवारण्याचे काम अगदी शेवटी ठेवलेत, कारण वेल्डिंगच्या धगीने आतला थर जळून गेलेला असतो. 'स्टिअरिंगचा डबा जिथे बसतो तिथे असा गंज सापडला असता तर मी हात लावला नसता,' हेही तुम्ही न विचारता सांगितलेत. आपल्याला काय करता येते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपण कुठे थांबतो हे आपणहून सांगणारा माणूस मला तरी क्वचितच भेटला आहे.

चॅसीच्या आतल्या बाजूला मारलेला टाका एकदा पट्टी बसली की कोणालाच दिसत नाही. तो नीट मारला की नुसताच उरकला हे मारणाऱ्यालाच ठाऊक, आणि गाडीच्या मालकाला ते कळेपर्यंत वर्षे जातात. अशा न दिसणाऱ्या जागी नेटके काम करणाऱ्यांच्या भरवशावर आपण सगळेच रस्त्यावर वेगाने धावत असतो, आणि त्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही. पहिल्या दोन गृहस्थांना मी लबाड म्हणणार नाही. पहिल्याचा अंदाज एखाद्या दुसऱ्या गाडीबाबत अचूकही ठरला असता, कारण काही चॅसी खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेलेल्या असतात. पण त्याने वाकून पाहिले नाही, दुसऱ्याने मला पाहू दिले नाही, आणि तुम्ही मात्र तुमच्याशेजारी जागा करून दिलीत.

आता दर पावसाळ्यानंतर मी गाडी तशीच स्टँडवर घेते, तारेने भोके मोकळी करते आणि हातोडीने पुढून मागे ठोकत जाते. मागच्या रविवारी तुमचे दोन्ही जोड टणटणीत वाजले. फक्त डाव्या बाजूला, तुम्ही पुसलेल्या त्या सातव्या वर्तुळाच्या वीतभर पुढे, आवाज मला किंचित बसका वाटला. तिथेही आतून पट्टी असेल कदाचित. तरी येत्या आठवड्यात गाडी घेऊन येते. पुठ्ठा माझा मी आणेन.

तुमची ऋणी,
त्या २३ वर्षांच्या गाडीची मालकीण