अंगणवाडीचे दोन तास मुलांना परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून ‘बालवाटिका’ (शाळेतला पहिलीच्या आधीचा वर्ग) हा शब्द खेड्यांतही पोहोचला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला खाली एक वर्ग जोडून द्या, अशी मागणी पालक करतात, कारण ‘अंगणवाडीत काय, पोरं खिचडी खाऊन येतात’ हे मत पक्के झाले आहे. वास्तविक याच वयाच्या मुलांसाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे आणि तिच्या सहा सेवांपैकी अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक आहे. आहाराची मोजदाद किलोंत होते, लसीकरणाची डोसांत होते. शिक्षणाची कशातच होत नाही, म्हणून वेळ कमी पडला की पहिली कात्री त्यालाच लागते.

‘पोषण भी, पढाई भी’ या २०२३च्या केंद्रीय कार्यक्रमाने रोज किमान दोन तास बालशिक्षण व्हावे असे सांगितले. हे दोन तास जातात कुठे, ते पाहू. सकाळी केंद्र उघडल्याची नोंद आणि हजेरी पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर भरायची. नेटवर्क नसेल तर फोन हातात धरून दारात उभे राहायचे. घरी न्यायच्या (‘घरपोच’) आहाराच्या वाटपाला आता लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची अट आहे. आई शेतावर जाण्याआधीच येणार, म्हणजे नेमकी वर्गाच्या वेळी. महिन्याच्या वजन-उंचीला एका मुलामागे पाच मिनिटे धरली, तरी ६० मुलांचे पाच तास होतात. ते घाईत उरकले की दुहेरी नुकसान. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे झोपवून घ्यायची असते. त्याला उभे करून मोजले तर सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते, आणि सॅम-मॅमच्या (तीव्र आणि मध्यम कुपोषणाच्या) सीमारेषेवरचे मूल त्या फरकाने चुकीच्या रकान्यात जाते. त्यामुळे मापे दुपारी घ्यावीत, महिन्यातले तीन दिवस ठरवून. वाटपही दुपारीच ठेवावे आणि दहा ते बारा या वेळेत सेविकेला फोन करू नये. शेवटची सूचना तालुक्याच्या कार्यालयाला उद्देशून आहे.

या दोन तासांत करायचे काय? बऱ्याच ठिकाणी याचे उत्तर पाटी-पेन्सिल असे असते आणि पालकही त्यावर खूश असतात. ते चूक आहे. मनगटातल्या आठ हाडांपैकी साधारण निम्मी चौथ्या वर्षापर्यंत कूर्चाच असतात. साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘अ’ गिरवायला बसवले की ते पेन्सिल मुठीत धरते, खांद्यापासून हात हलवते, दमते आणि मग पेन्सिल टाकून पळते. मुठीची ती पकड पुढे पहिलीत मोडायला वेळ लागतो. ज्या हालचाली लेखनाआधी यायला हव्यात, त्या कागदावर होत नाहीत. माती मळणे, कागद फाडणे, चिंधी पिळणे, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतणे, ओवणे, चिमटीने उचलणे हेच त्या वयाचे लेखन.

पंचवीस मुलांना पाच किलो शाडू पुरते. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावी. तडकली तर कुटून रात्रभर भिजत घालावी, फेकू नये. शाडू न मिळाल्यास दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाणी घालून मळावे. मीठ सढळ असेल तर गोळा काही दिवस टिकतो, आणि चाखणारे मूल दुसऱ्यांदा चाखत नाही. ओवायला मोठे लाकडी मणी किंवा सुताची रिकामी रिळे घ्यावीत. चिंचोके, हरभरे, बाटल्यांची झाकणे वर्गीकरणाला उत्तम, पण ती मोजून द्यावीत, मोजून परत घ्यावीत आणि सोबत मोठे माणूस बसलेले असावे. दाणा नाकात किंवा घशात जायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ पुरतो. ठोकळे वीस असतील तर खेळ होत नाही, भांडण होते. एका कोपऱ्यात सहा मुले धरली तर तिथे शंभरेक ठोकळे लागतात. सुताराकडे पडलेले तुकडे पॉलिशपेपरने घासून घेतले की फुकटात भागते. साहित्याचा संच येतो, पण ‘हरवेल, तुटेल, ऑडिटला काय दाखवायचे’ या भीतीने कपाटात कुलूपबंद राहतो. वापरून झिजलेले साहित्य निर्लेखित करण्याची (नोंदीतून कमी करण्याची) सोपी पद्धत प्रकल्प कार्यालयाने ठरवून दिली, तर निम्मी कुलुपे आपोआप उघडतील.

गणिताचीही तीच गत. ‘शंभरपर्यंत येतं’ म्हणून मुलाला पाहुण्यांपुढे उभे करतात. त्याला सात खडे मागून पाहा. पुष्कळदा मूठभर येतात, कारण अंक म्हणणे आणि एका वस्तूला एकच अंक जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट जेवणाच्या वेळी विनासायास होते. आज आलेल्या मुलांइतक्याच ताटल्या चार वर्षांच्या मुलाला मांडायला सांगा. एक कमी पडली की त्याचे त्यालाच कळते.

भाषेबाबत अंगणवाडीकडे शाळेपेक्षा मोठे भांडवल आहे. सेविका स्थानिक असावी असा नियम आहे. मेळघाटात तिला कोरकू येते, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. तरीही तक्ता प्रमाण मराठीतला, म्हणून ती स्वतःची भाषा बाजूला ठेवून बोलते आणि मुले गप्प बसतात. गोष्ट घरच्या भाषेत सांगावी, मराठी शब्द वस्तू दाखवत हळूहळू आणावेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, तेव्हा दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. आपण तो शब्द देशाला दिला आणि मुलाची भाषा मात्र दाराबाहेर ठेवली.

खरी अडचण माणसांची आहे. २०१३च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने तीन ते सहा वयोगटासाठी वीस मुलांमागे एक प्रौढ आणि त्याखालच्यांसाठी दहांमागे एक असे प्रमाण दिले. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस मिळून दोघी. मदतनीस मुलांना वस्तीवरून आणते, पाणी भरते, आहार वाढते. उरते एकटी सेविका, समोर तीन वर्षांचे रडणारे मूल आणि साडेपाच वर्षांचे कंटाळलेले मूल, एकाच खोलीत. तिने मोठ्यांना घेतले की लहान पळतात, लहानांना घेतले की मोठी मारामारी करतात. शेवटी सगळ्यांना एकच गाणे, पुन्हा तेच गाणे. बालवाटिकेसाठी नवा वर्ग आणि नवी नेमणूक करण्याइतका पैसा सरकारकडे असेल, तर त्याच पैशातून प्रत्येक अंगणवाडीला दोन तासांपुरती दुसरी शिक्षिका द्यावी. पाच वर्षांची मुले शाळेत उचलून नेली तर अंगणवाडीची पटसंख्या घसरेल आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना तेवढीही शाळा उरणार नाही.

कायद्याने हा हक्क अजून मिळालेला नाही, हेही सांगायला हवे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा आहे. त्याचे कलम ११ तीन ते सहा वयासाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हणते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटी लागू केली. अंगणवाड्या चालवतात ते पूर्वप्राथमिक शिक्षण याच कलमाशी न्यायालयाने त्या निकालात जोडले. म्हणजे सेविका शिक्षिकेचे काम करते, हे न्यायालयाने मान्य केले आहे. मासिक अहवालाच्या नमुन्यात तेवढे उतरायचे राहिले.

त्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: या महिन्यात सलग दोन तास वर्ग किती दिवस भरला. आकडा खोटा भरला जाईल, ही शंका रास्त आहे. त्यासाठी भेटीला आलेल्या पर्यवेक्षिकेने रजिस्टरच्या आधी मातीचा डबा उघडावा. माती वाळून तडकलेली असेल, तर पुढचे प्रश्न तिथूनच विचारावेत.

आपल्या,
बालशिक्षण प्रशिक्षक व कार्यकर्त्या