नोटीस यायच्या आधीच माळ्यावरचं सामान उतरवा

संपादक साहेब, नमस्कार,

म्हाडाच्या पुनर्विकासात वरळीच्या जुन्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या खोलीतनं थेट ५०० चौरस फुटांत, खूप बरं वाटलं बघून. आता नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींतली बरीच मंडळी आपला नंबर कधी लागतो म्हणून वाट बघतायत, पण घरातली काडी कुणी हलवलेली नाही, विचारलं की उत्तर एकच, खोली रिकामी करायची नोटीस आली की बघू.

नोटीस आल्यावर काय होतं ते मी जवळनं बघितलंय. माळ्यावर तीन पिढ्यांचं सामान असतं, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, लग्नातली भांडी, गोधड्या, आणि सगळ्यात मागे आजोबांची पत्र्याची ट्रंक. टेम्पोवाला खाली हॉर्न मारतोय, पोरांना सुट्टी नाही, मग ती ट्रंक कोण उघडून बघणार, कागद किलोवर रद्दीत जातात आणि ट्रंक भंगारात.

अहो पण त्या ट्रंकेत काय असतं माहितीये का? मिलचं ओळखपत्र, तिकीट नंबर, पगाराची पावती, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, फंडाचे कागद. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी घरांत पगार परत आलाच नाही, आणि सरकारी योजनेतल्या गिरणी कामगारांच्या घरासाठी पात्र ठरायला १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर मिलमध्ये कामाला होतो हे कागदानं दाखवावं लागतं. कामगार वारला असेल तर वारसाला तोच कागद शोधावा लागतो. मिलच बंद झालीय, दुसरी कॉपी मागायची कुणाकडे!

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, आजपासनं दर रविवारी एक गाठोडं नाहीतर एक डबा खाली काढा, बस एवढंच. सुरुवात कागदांपासनं करा आणि म्हातारी माणसं शेजारी बसलेली असताना करा, कारण कुठला कागद कशाचा, फोटोत कोण उभंय हे त्यांनाच माहीत, आमच्याकडे आई एकेक पावती हातात घेऊन त्यामागची अख्खी गोष्ट सांगते, वेळ जातो पण जाऊ द्या. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत घाला आणि ती फाइल टेम्पोत नाही, स्वतःच्या हातातल्या पिशवीत न्या. जड भांडीकुंडी गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी जाताना थोडी थोडी पोचवता येतात, आमच्याकडे कोकणातली आणि घाटावरची दोन्हीकडची माणसं आहेत, सगळ्यांची गावाला घरं आहेत. स्वयंपाकाचं सामान मात्र शेवटपर्यंत उघडंच राहू दे, उगाच आधी बांधून हाल करून घेऊ नका.

म्हाडाला विनंती आहे की कुठली इमारत कधी रिकामी करायची ते निदान सहा महिने आधी लेखी सांगा, एकट्या राहणाऱ्या वयस्कर बायकांना घाईत आवरणं जमत नाही हो. आणि तुम्हाला विनंती की गिरणी कामगारांच्या पात्रतेसाठी कुठले कागद चालतात त्याची पूर्ण यादी मोठ्या अक्षरात छापा, आम्ही कापून प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी चिकटवतो.

एक वाचक, लोअर परळ