घरकुलाची मुदत हप्ता जमा झाल्यापासून मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहगड रस्त्यावर माझे सिमेंट-सळईचे दुकान आहे. पानशेत, वेल्ह्याकडचे सरकारी घरकुल योजनेचे लाभार्थी माझ्याकडे माल न्यायला येतात. ‘शेठ, हप्ता पडला की देतो’ हे वाक्य रोज कानावर येते. ही माणसे बुडवणारी नाहीत. सरकारी अनुदानाचा हप्ता खात्यात कधी पडेल, हे मात्र त्यांनाही सांगता येत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. राज्य सरकारने त्यात 50 हजारांची भर घालायचे ठरवले, 5 ब्रास वाळूही मोफत जाहीर केली. हे चांगलेच झाले. पण मंजुरीनंतर बारा महिन्यांत घर पूर्ण करायचे आणि पहिला हप्ता फक्त 15 हजारांचा. एवढ्यात खोदाई, डबर, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी कशी बसवायची? योजनेत किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचे घर धरले आहे. तेवढ्या घराचे जोतेसुद्धा, म्हणजे पायावरचा चौथराही, या पैशात होत नाही, आणि जोत्याचा फोटो अपलोड झाल्याशिवाय पुढची रक्कम सुटत नाही. मग दुकानात उधारी, नाहीतर गळ्यातले गहाण.

त्यात आपल्या मावळपट्ट्याचा पाऊस. वेल्हे, मुळशी, भोरच्या डोंगराकडच्या गावांत जून ते सप्टेंबर बांधकाम होतच नाही. टेम्पो वर चढत नाही, ओल्या हवेत सिमेंटच्या गोणीचा दगड होतो, आणि गवंडी-बिगारी भातलावणीला गेलेले असतात. 22 फेब्रुवारी 2025 रोजी आपल्या बालेवाडीत मोठा कार्यक्रम होऊन राज्यातल्या 20 लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे आणि 10 लाख जणांना पहिला हप्ता दिला गेला. त्या वर्षी मेच्या अखेरीसच मान्सून आला. म्हणजे पाया खोदून जोते बांधायला जेमतेम तीन महिने मिळाले. बारा महिन्यांची मुदत मात्र चालूच राहिली.

माझ्या एका गिऱ्हाइकाने त्याच जागेवर नवे घर बांधायचे म्हणून जुने कुडाचे घर पाडले. दुसरी जागा त्याच्याकडे नव्हतीच. जोते झाले, कर्मचारी फोटो काढून गेले आणि पैसे अडकले. भर पावसात तो माझ्याकडे आला तो ‘काम तातडीने सुरू करा, अन्यथा दिलेली रक्कम वसूल करू’ अशी नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. सळयांची टोके गंजू नयेत म्हणून त्याने त्यांवर खताच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या होत्या. बायको, दोन मुले आणि म्हातारी आई गोठ्याच्या एका बाजूला ताडपत्री लावून राहत होती. काम कोणी थांबवले होते आणि नोटीस कोणाला आली, हे वाचकांनीच पाहावे.

जे जागा असूनही वर्षानुवर्षे बांधकामाला हात लावत नाहीत, त्यांच्यावर कारवाई करायला माझी हरकत नाही. रांगेत पुढचा माणूस ताटकळत असतो. पण मुदत मंजुरीच्या तारखेपासून न मोजता पैसे खात्यात पडल्यापासून मोजावी आणि अतिपावसाच्या तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने त्यातून वगळावेत. पहिला हप्ता निदान जोते उभे राहील एवढा असावा. लाभार्थ्याला जशी तारखेची अट आहे, तशीच फोटो गेल्यानंतर किती दिवसांत पैसे सोडायचे याची अट कार्यालयालाही हवी.

हे बदल मुंबई-दिल्लीत ठरायला वेळ लागेल. जिल्हा परिषदेच्या हातात असलेले एक काम मात्र लगेच करता येईल. कोणाचे जोते झाले, कोणाचा फोटो कधी गेला आणि कोणाचा हप्ता कुठे अडकला, याची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लावावी. दिवाळीनंतर कामांना जोर येतो, त्याआधीच ती लागायला हवी.

— एक दुकानदार, सिंहगड रस्ता, पुणे