चूक सांगणाऱ्या कामगाराला अभय हवे

मा. संपादक महोदय,

वेर्णा, कुंडई येथील कारखान्यांत गोमंतकीय तरुण टिकत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिचे खापर बहुधा तरुणांच्याच माथी फोडले जाते. औषधनिर्मितीच्या गुणवत्ता विभागात नोकरी केल्यावर माझे मत असे झाले आहे की, माणूस टिकणे न टिकणे हे पगाराइतकेच, त्याच्या हातून चूक झाल्यावर वरिष्ठ कसे वागतात यावर अवलंबून असते.

औषध कारखान्यात बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाचा प्रत्येक साठा बनवतानाच्या लेखी नोंदीत, आकडा चुकल्यास तो गिरवायचा नाही, पांढरी शाईही लावायची नाही. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख घालायची, असा दंडक आहे. माणूस चुकणार, हे नियमाने गृहीतच धरले आहे. परंतु अशी रेघ दिसताच शिफ्टप्रमुख सर्वांदेखत कामगाराला फैलावर घेत असेल, तर पुढच्या खेपेस तो चूक लपवण्याच्याच मागे लागतो, आणि औषधाच्या बाबतीत हे किती घातक आहे ते सांगायला नको. ‘हे कसे झाले?’ असे शांतपणे विचारणाऱ्या प्रमुखाच्या पाळीत चुका वेळीच कळतात आणि नवी मुले लवकर तयार होतात.

टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत मागण्याचा अधिकार साध्या कामगारालाही असतो. आपल्याकडे १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपक अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले; १८ जुलै १९८० च्या यशानंतर मात्र त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केले. असे वरिष्ठ लाभले तर कोण जीव तोडून काम करणार नाही?

आपल्या कारखान्यांत उत्तम यंत्र चालवणाऱ्याला एके दिवशी पर्यवेक्षक केले जाते. माणसे कशी सांभाळावीत, हे त्याला कोणी शिकवत नाही. ते प्रशिक्षण औद्योगिक संघटनांनी कोकणी व मराठीतून सुरू करावे, त्यात कंत्राटी कामगारांवरील मुकादमांनाही घ्यावे, आणि पर्यवेक्षकाची बढती ठरवताना उत्पादनाच्या आकड्यांबरोबरच त्याच्या हाताखालची किती माणसे नवे काम शिकली हेही पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, मडगाव